शिंदळ माकुडीचं लग्न

गेल्या गणपतीत चार दिवस सुट्टी टाकून घोटीला घरी गेलो होतो. पाऊस नेहमीसारखाच. ज्यांनी इगतपुरी-घोटीचा पाऊस पाहिलेला नाही त्यांना तो सांगून पटायचा नाही. भाताला तो मानवतो, पण ज्यांच्या अंगातच पाणी साठवायची सोय आहे अशा झाडांना कुजवून टाकायला त्याला दोन दिवस पुरतात. म्हणून माझ्या सगळ्या सक्युलंट मंडळींची वरात गच्चीवरच्या पत्र्याखाली मांडलेली असते. त्यातल्या एका कुंडीसमोर मी मांडी घालून, कपाळाला ट्रेकचा टॉर्च बांधून आणि हातात आईच्या शिवणाच्या डब्यातली सगळ्यात बारीक सुई घेऊन बसलो होतो. शेजारच्या काकू कपडे काढायला गच्चीत आल्या.

"काय रे, काय चाललंय?"

"लग्न लावतोय काकू."

"कोणाचं?"

"या दोन झाडांचं."

काकूंनी एकदा झाडांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "झाडांची लागतील रे. तुझं कधी लावायचं?"

असो. हा प्रश्न आता तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ओळखीचा झाला असेल, त्यामुळे तो इथेच सोडतो. पण त्या रात्री मनात दुसराच प्रश्न आला. एका फुलाचे पराग माणसाने हाताने दुसऱ्या फुलावर नेऊन ठेवायचे, हा उद्योग मुळात सुचला कोणाला? पुण्याला परत आल्यावर दोन-तीन वीकांत त्यातच गेले. ही त्याचीच गोष्ट. शेवटी ती फिरून घोटीच्या आसपासच येते, तेव्हा जरा धीर धरा.

सुरुवात खजुरापासून करायला हवी. खजुरात नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं. हजारो वर्षांपूर्वी मेसोपोटेमियातले शेतकरी नराच्या झाडाचा मोहोर तोडून मादीच्या मोहोरावर झटकायचे, कारण वाऱ्यावर भरवसा ठेवला तर पीक कमी येतं हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. का कमी येतं ते मात्र ठाऊक नव्हतं. आपण नाही का, रीस्टार्ट केल्यावर सर्व्हर चालतो एवढंच माहीत असताना वर्षानुवर्षं तो रीस्टार्ट करत राहतो? तसंच ते.

'का'चं उत्तर यायला १६९४ साल उजाडावं लागलं. जर्मनीतल्या ट्युबिंगेन गावच्या रुडॉल्फ कामेरारियसने एरंडाची नरफुलं उमलण्याआधीच खुडून टाकली आणि बी धरत नाही हे दाखवून दिलं. झाडांनाही नर आणि मादी असतात, पराग हा नराचा भाग आहे, असं त्याने सरळ लिहिलं. त्या काळी हे ऐकून लोकांच्या भुवया उंचावल्या. फुलं म्हणजे देवाने निर्माण केलेली निरागस वस्तू, तिच्यात असले प्रकार कसे असतील!

त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आतच लंडनच्या थॉमस फेअरचाइल्ड नावाच्या रोपवाटिकावाल्याने पुढचं पाऊल टाकलं. कार्नेशनच्या फुलाचा आणि स्वीट विल्यम नावाच्या त्याच्या चुलतभावंडाचा त्याने पिसाने संकर केला. १७१७ च्या सुमारास हे झाड लोकांना माहीत होतं. त्यापासून बी मिळत नसल्यामुळे लोकांनी त्याला 'फेअरचाइल्डचं खेचर' असं नाव दिलं. घोडा आणि गाढव यांचं जसं खेचर, तसं हे. माणसाने मुद्दाम घडवलेला, आपल्याला माहीत असलेला हा पहिला वनस्पती-संकर. गंमत म्हणजे १७२९ साली मरताना या गृहस्थाने २५ पौंड चर्चला ठेवले. कशासाठी, तर देवाच्या सृष्टीच्या थोरवीवर दरवर्षी एक प्रवचन व्हावं म्हणून! देवाच्या कामात हात घातल्याची टोचणी त्याला लागली असावी, असं बरेच जण मानतात.

मला मात्र या सगळ्यांपेक्षा एडमंड जास्त जवळचा वाटतो. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर फ्रेंचांनी मूळच्या मेक्सिकोतल्या व्हॅनिलाचे वेल आणून लावले होते. वेल वाढायचे, फुलायचे, पण शेंगा धरायच्या नाहीत, कारण तिथली माशी इथे नव्हती. बेल्जियममधल्या शार्ल मोरेन या प्राध्यापकाने १८३६ साली काचघरात हाताने परागीकरण करून दाखवलं होतं, पण मळ्यात चालेल अशी सोपी रीत कोणाकडेच नव्हती. ती १८४१ साली एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधून काढली. एका बारीक काडीने फुलातला पडदा उचलायचा आणि अंगठ्याने पराग आत दाबायचा. काही सेकंदांचं काम. आजही व्हॅनिलाच्या मळ्यांत जवळजवळ हेच करतात. १८४८ साली गुलामगिरी संपली तेव्हा त्याला 'आल्बियस' हे आडनाव मिळालं, पण पैसा मिळाला नाही. बेटाला श्रीमंत करणारा हा माणूस १८८० साली गरिबीतच गेला. दिवाळीत आइस्क्रीम खाताना मला हल्ली त्याची आठवण येते.

आता माझ्या सुईकडे परत येतो.

मी ज्या झाडासमोर बसलो होतो तिच्या कुळात पराग भुकटीसारखा नसतोच. ब्रशने उचलता येईल असं काही फुलात सापडत नाही. हे पाहायला दुर्मिळ झाड लागत नाही, रस्त्याकडेची रुई पुरते. शनिवारी मारुतीला जिची पानं वाहतात तीच. (चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार वाईट.) तिच्या फुलाच्या मधोमध पाच कोनांचा एक खांब असतो आणि त्याच्या बाजूंवर पाच बारीक फटी असतात. फटीत सुईचं टोक खालून घालून हलकेच वर ओढलं की टोकाला एक काळसर ठिपका आणि त्याला लोंबणाऱ्या दोन पिवळ्या थैल्या येतात. ठिपका म्हणजे चिमटा. थैल्या म्हणजे परागपिंड, सगळा पराग मेणासारखा एकत्र बांधलेला. कीटकाचा पाय किंवा सोंडेवरचा केस फटीत अडकतो, तो निसटायला ओढतो, चिमटा त्याला धरतो आणि थैल्या घेऊन कीटक उडतो. दुसऱ्या फुलावर थैली बरोबर तशाच फटीत, बरोबर त्याच बाजूने शिरली तरच काम होतं. कुलूप आणि किल्ली म्हणा. किंवा यूएसबीची जुनी पिन म्हणा, जी पहिल्या वेळी कधीच बसत नाही.

हे कुलूप उलगडणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव रॉबर्ट ब्राउनचं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला 'ब्राउनियन मोशन' पाठ केलेलं आठवतंय? पाण्यात परागातले कण सतत थरथरताना १८२७ साली पाहणारा तोच हा ब्राउन. १८३१ साली त्याने लंडनच्या लिनियन सोसायटीत ऑर्किड आणि रुई या दोन कुळांच्या परागीकरणावर निबंध वाचला, आणि त्यातच पेशीतल्या एका गोल ठिपक्याला 'न्यूक्लिअस' हे नाव देऊन टाकलं. म्हणजे नववीच्या पुस्तकातलं पेशीकेंद्र हे रुईच्या भाईबंदांच्या लग्नाची चौकशी करताना हाती लागलेलं बायप्रॉडक्ट आहे. शाळेत हे कोणी सांगितलं असतं तर मी जीवशास्त्र सोडलं नसतं कदाचित.

आता जुन्नरला येऊ. १८६० च्या दशकात निकोल डॅलझेल हा मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक होता. अलेक्झांडर गिब्सनबरोबर त्याने लिहिलेलं 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ साली आलं होतं. जुन्नरजवळ हिवऱ्याच्या डोंगरावर त्याला एक विचित्र झाड सापडलं. जाड, रसाळ, कड्यावरून खाली लोंबणाऱ्या फांद्या, आणि तांबड्या-जांभळ्या रंगाची, पिवळ्या खुणा असलेली, दोनेक सेंटिमीटरची चांदणीसारखी फुलं. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता सर बार्टल फ्रिअर. त्याचं नाव देऊन डॅलझेलने त्याला 'फ्रेरिया इंडिका' केलं. आपल्याकडे तिला शिंदळ माकुडी म्हणतात.

तिचं वैशिष्ट्य म्हणजे पानं. या गोत्रातली बाकीची झाडं निवडुंगासारखी नुसती दांड्यांची असतात. माळरानावरचं माकडशिंग ज्यांनी पाहिलंय त्यांना लगेच कळेल. शिंदळ माकुडीला मात्र चांगली डोळ्यांत भरतील अशी पानं येतात. पावसाळ्यात येतात, उन्हाळ्यात गळतात, आणि दांड्या तेवढ्या कड्याला चिकटून पुढच्या पावसाची वाट पाहतात. शास्त्रज्ञांनाही तिचं काय करावं ते नीट ठरवता आलेलं नाही. १९५८ साली गॉर्डन राउली या इंग्रज तज्ज्ञाने तिला कॅरॅलुमा या प्रजातीत टाकलं, नंतर काहींनी बूसेरोशियात नेलं. आमच्याकडे प्रत्येक नवा आर्किटेक्ट आला की पॅकेजची नावं बदलतो तसंच. परदेशातल्या हौशी लोकांनी तिचा भूमध्य समुद्राकडच्या एका नातेवाइकाशी संकरही केलेला आहे.

या सगळ्यात एक गोष्ट बदलली नाही. ही बाई जगात फक्त महाराष्ट्रात राहते. जुन्नर-शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर आणि भंडारदऱ्याजवळ रंध्याचा परिसर अशी मोजकी ठिकाणं. त्यातलं रंधा घोटीहून तासा-सव्वा तासाच्या वाटेवर आहे. कॉलेजात असताना आम्ही मोटारसायकली घेऊन कितीतरी वेळा तिथे गेलो, धबधब्यासमोर फोटो काढले, भजी खाल्ली, आणि वर कड्याकडे एकदाही पाहिलं नाही.

तिचं लग्न जुळवणाऱ्या माश्या. म्हणून या कुळातल्या बऱ्याच फुलांना आपल्याला नकोसा वाटणारा वास असतो. तो आपल्यासाठी नाहीच. तिच्या चुलत घराण्यात, म्हणजे सेरोपेजिया ऊर्फ कंदीलपुष्पांत, तर फूल माशीला काही काळ चक्क कोंडून ठेवतं. आमच्या अंजनेरीच्या नावाने ओळखली जाणारी सेरोपेजियाही त्यातलीच.

इथे थोडं विषयांतर. हाताने परागीकरण म्हणजे रिकामटेकड्यांची हौस, असं माझ्या टीममधल्या एकाचं म्हणणं आहे. तसं नाहीये. १९७० साली सुरतच्या केंद्रात डॉ. सी. टी. पटेलांनी 'संकर-४' हा कापूस काढला, जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस. त्याचं बी दर हंगामात नव्याने तयार करावं लागतं. संध्याकाळी कळी सोलून पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा, एकेका फुलाला, हाताने. आपल्याकडे १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी जालन्यात महिको सुरू केली आणि पुढे ते गावच बियाण्यांचं गाव झालं. वेंगुर्ल्याच्या केंद्रात नीलम आणि हापूस यांचं जमवून १९८१ साली 'रत्ना' आंबा आला, आणि रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ साली बारीक कोयीचा 'सिंधू'. आणि ड्रॅगनफ्रूट तर निवडुंगच. सांगलीच्या तडसरहून २०२१ साली ते दुबईला गेलं. त्याचं फूल रात्री उमलतं आणि काही वाण स्वतःच्या परागाने फळ धरत नाहीत. तिथे शेतकरी रात्री बॅटरी आणि ब्रश घेऊन ओळीत फिरतो. माझी गच्ची त्या मानाने फारच आरामाची.

'स्वतःच्या परागाने फळ धरत नाहीत', हे वाक्य लक्षात ठेवा, कारण खरी गोष्ट इथे आहे.

आमच्या दारात आईचं ब्रह्मकमळ आहे. (खरं ब्रह्मकमळ हिमालयात असतं; हा मेक्सिकोकडचा निवडुंग आहे. पण आईसमोर हे बोलायची माझी हिंमत नाही.) पावसाळ्यात एखाद्या रात्री त्याला पंधरा-वीस फुलं येतात, गल्ली गोळा होते, हळदकुंकू वाहिलं जातं, सकाळी सगळी फुलं माना टाकतात. तीस वर्षांत त्याला एकही फळ धरलेलं नाही. मी विचारलं, "आई, हे आलं कुठून?" आजीने तिच्या मैत्रिणीकडून पान आणलं होतं. आणि गल्लीतली बाकीची? तीही त्याच पानाची पानं. म्हणजे आमच्या गल्लीत ब्रह्मकमळाच्या बारा-तेरा कुंड्या आहेत, पण झाड एकच आहे. सगळ्या कॉपी-पेस्ट. एका कुंडीचा पराग दुसरीला लावला तरी तो स्वतःचाच पराग. आणि निवडुंगांत पुष्कळ जण सगोत्र विवाह साफ नाकारतात.

डार्विनने यावर १८७६ साली एक जाडजूड पुस्तक लिहिलं. वर्षानुवर्षं त्याने एकाच जातीची रोपं दोन तऱ्हांनी वाढवली, काही स्वतःच्या परागाची, काही परक्याच्या. बहुतेक ठिकाणी परक्याच्या परागाची मुलं उंच आणि धडधाकट निघाली. त्याने स्वतः मामेबहिणीशी लग्न केलं होतं आणि मुलांच्या तब्येतीची त्याला कायम काळजी असे, हे माहीत असलं की ते पुस्तक वेगळंच वाटतं.

आता माझ्या दोन कुंड्या. शिंदळ माकुडी कड्यावरून उपटून आणणं हा नुसता वेडेपणा नाही, ते पाप आहे. माझ्याकडची एक कुंडी पुण्यातल्या एका जुन्या संग्राहकांनी दिलेल्या फांदीची, आणि दुसरी माझ्या मित्राची, गणपतीपुरती मागून आणलेली. खरं सांगायचं तर आधी डोक्यात वेगळंच होतं. तिचा एखाद्या आफ्रिकन स्टॅपेलियाशी संकर करायचा, काहीतरी अफलातून रंगाचं निघालं तर त्याला आपलं नाव द्यायचं. फेअरचाइल्डसारखं. मग वाटलं, जी बाई मोजक्या कड्यांवर उरलीय तिला आधी तिच्यातलाच जोडीदार मिळू दे. खेचर नंतर.

चार दिवसांत नऊ फुलांवर प्रयत्न केला. चिमटा सुईला यायचा, पण थैली फटीत शिरता शिरत नव्हती. तीन ठिकाणी बसली असं वाटलं. बी धरलं असतं तर बैलाच्या शिंगांसारखी जोडशेंग आली असती, मग ती फुटून उडून जाऊ नये म्हणून दोऱ्याने बांधायची, कारण आत रुईसारख्याच म्हाताऱ्या असतात. मी दोरासुद्धा काढून ठेवला होता. महिनाभर दर शनिवारी आईला फोन. "आलं का काही?" "नाही रे. फुलं गळून पडली."

हात बसला नसेल म्हणून मी स्वतःला समजावलं. मग एकदा मित्राला सहज विचारलं, तुझी फांदी कुणाकडची? त्याने एक नाव सांगितलं. त्या गृहस्थांना फोन केला. त्यांनी दुसरं नाव सांगितलं. तिसऱ्या फोनला मी माझ्याच संग्राहक काकांपाशी पोचलो! वीसेक वर्षांपूर्वी त्यांनीच एकाला फांदी दिली होती, ती हातोहात फिरत मित्राकडे आली होती. मी गणपतीत कपाळाला टॉर्च बांधून ज्या दोघांचं लग्न लावत होतो, ते दोघे एकच होते. बी धरलं असतं तरी त्यात बाहेरचं नवं काही आलं नसतं. मर्ज करायला दोन ब्रँच लागतात. माझ्याकडे एकच होती, दोन फोल्डरमध्ये.

आणि मग ही गोष्ट माझ्या गच्चीपुरती राहिली नाही. दुर्मिळ झाड वाचवायचं म्हटलं की आपण पटकन फांद्या लावतो. शिंदळ माकुडी फांदीपासून सहज लागते. प्रयोगशाळेत उतिसंवर्धनानेही ती वाढवतात. साताऱ्याकडच्या शिरवळजवळ नवरोजी गोदरेज केंद्रातही तिच्यावर काम झालेलं आहे. हे सगळं हवंच. पण एका फांदीच्या हजार कुंड्या झाल्या तरी हजार झाडं झाली असं नाही. उद्या एखादी बुरशी त्या एकीला मारू शकली तर हजारांनाही मारेल. शिवनेरीची, सज्जनगडची आणि रंध्याची अशी वेगवेगळ्या कड्यांवरची रोपं कुठून आली त्याची नोंद ठेवून वाढवणं, आणि त्यांची बी धरू देणं, हे फांदी लावण्यापेक्षा कितीतरी कष्टाचं काम आहे. कुंडीवर नुसतं नाव पुरत नाही, गाव लागतं. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकअप कितीही घ्या, सगळे एकाच डिस्कचे असतील तर उपयोग काय?

दिवाळीत हे सगळं मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ब्रह्मकमळाचंही सांगितलं, की गल्लीतली सगळी एकच आहेत, म्हणून फळ धरत नाही, दुसऱ्या गावाहून वेगळं रोप आणू या. ती निवडत असलेली भाजी बाजूला ठेवून म्हणाली, "म्हणजे आजीने लावलेलं तेच हे? त्याचं पिल्लू नाही, तेच?"

"हो. तेच."

आजीला जाऊन आता बारा वर्षं झाली. आई उठून दारात गेली आणि त्या कुंडीकडे जरा वेळ बघत उभी राहिली. फांदीने काय साधतं ते मला तेव्हा कळलं. फांदी आहे तेच राखून ठेवते. बी मात्र जे आहे ते सोडून देतं, आणि कोण निघेल ते आधी सांगत नाही.

दोन्ही लागणार आहेत. आजीचं ब्रह्मकमळ आहे तिथेच, आहे तसंच राहील. येत्या पावसाळ्यात त्याच्या शेजारी बाहेरगावचं एक वेगळं रोप येईल, नाशिक-पुण्यात चौकशी चालू आहे. माकुडीसाठी मात्र मला अशी फांदी हवीय जिचा मूळ कडा देणाऱ्याला नक्की सांगता येईल, आणि तीही कुणाच्या बागेतली, कड्यावरची नाही.

तोपर्यंत रुईवर हात बसवतोय. काल पहिल्यांदा थैली फटीत बरोबर बसली. काकू गच्चीत नव्हत्या, नाहीतर त्यांना सांगितलं असतं.